नोरीनचे कान

इंग्लंडमधल्या रॉसेंडेलच्या खोऱ्यात नोरीन अ‍ॅशवर्थबद्दल कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: बाई भित्री आहे. कालव्याकाठी हंस बसलेले दिसले तर ती लांबच्या रस्त्याने जाते. ढग गडगडले की घरातली सगळी बटणं बंद करते. शेजाऱ्याच्या मोटारीने धूर सोडताना आवाज काढला, तर हातातला कप बशीवर आपटते. आणि अशा बाईच्या नवऱ्याला छंद काय, तर राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लष्करी रायफली गोळा करायच्या, त्यांच्यासाठी घरी काडतुसं भरायची आणि दर रविवारी डोंगरावरच्या जुन्या खाणीत जाऊन त्या उडवायच्या. जोडी जुळवणाऱ्याला त्या दिवशी चेष्टेची लहर आली असावी, दुसरं काय.

नेव्हिल आणि नोरीन दोघंही सपातांच्या कारखान्यातली माणसं. तो चामडं कापायचा, ती अस्तर शिवायची. लग्नानंतर वर्षभरातच जवळच्या चॅपलचा माळा साफ करताना त्याला एक गंजलेली मार्टिनी-हेन्री रायफल सापडली. पाद्रीबाबा ती भंगारात टाकणार होते. नेव्हिलने मागून घेतली, रीतसर परवाना काढला, आणि मग महिनाभर तिला तेल चोळत बसला. गंजाखालून दस्त्यावर अक्षरं उमटली. पलटणीचं नाव, खाली आकडा. झालं, माणूस कामातून गेला. सुट्टी टाकून लंडनला गेला, दफ्तरखान्यात हजेरीपटांची पानं उलटत बसला, आणि परत आला तो डोळे पुसतच.

"नोरीन, आपल्या वॉटरफुट गावचाच निघाला गं," तो म्हणाला. "जोसाया हिंडल. गिरणीतला पोरगा. हिंदुस्थानात गेला आणि खडकीच्या छावणीत पटकीने मेला. ही त्याची रायफल."

"ती परत इथवर आली कशी मग?"

"तेच शोधायचंय."

ते त्याला कधी सापडलं नाही, पण शोधता शोधता घरात आणखी रायफली आल्या, आणि प्रत्येकीबरोबर एकेक मेलेला शिपाई. नोरीनला ही सगळी माणसं सासरच्या गोतावळ्यासारखी पाठ झाली. लंगडा टॉमस, दारूपायी हुद्द्याची पट्टी गमावलेला नाईक, आईला दर महिन्याला पैसे पाठवणारा हिंडल. जेवताना त्यांच्या गोष्टी निघायच्या आणि त्या तिला आवडायच्याही. तिचं भांडण शिपायांशी नव्हतंच. तिचं भांडण आवाजाशी होतं.

त्यालाही कारण होतं. सुरुवातीच्याच एका रविवारी स्नायडर नावाच्या जुन्या धाटणीच्या रायफलीचं मागचं झाकण गोळी उडवताना उघडलं आणि तापलेला धूर नेव्हिलच्या तोंडावर आला. भुवया जळाल्या. डोळे थोडक्यात वाचले. तो घरी येऊन आरशासमोर हसत बसला होता. नोरीन मात्र न्हाणीघरात जाऊन उलट्या करून आली. भुवया पुन्हा उगवल्या. तिची धास्ती काही गेली नाही.

मग ती घरी का राहत नाही, असं लोक विचारत. राहून पाहिलं होतं तिने. घरी राहिलं की काही ऐकू येत नाही, आणि दुपारभर प्रत्येक क्षणाला त्याचं काहीतरी बरंवाईट झालेलं असू शकतं. त्यापेक्षा तिथे जाऊन बसावं, आवाज ऐकावा, आणि आवाजानंतर नेव्हिलची टोपी हललेली बघावी. म्हणून ती रविवारी त्याच्याबरोबर निघायची. नुसतं बसवेना, म्हणून चहाचं पातेलं आणि अंड्याचे सँडविच तिने आपल्या अंगावर घेतले. नेमबाजीची हद्द दाखवणाऱ्या लाल झेंड्याच्या मागे तिचं टेबल. झेंड्याच्या पुढे तिने इतक्या वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूचा आवाज कानाला टोचत नाही, तो छातीच्या पिंजऱ्यात धप्पकन बसतो, आणि मग पांढरा धूर पसरतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. प्रत्येक धप्पला नोरीन दचकायची. न चुकता. नेमबाजांच्या मंडळातल्या लोकांनी तिला 'दचकी नोरीन' म्हणायला सुरुवात केली. नेव्हिलचा जुना दोस्त क्लिफ शॉरॉक तर मुद्दाम चहाच्या कपाकडे बघत बसायचा.

"बघ, आता सांडणार," तो म्हणायचा. "नेव्हिल, तुझ्या बायकोला आम्ही आवाज मोजायच्या यंत्राऐवजी लावणार आहोत."

"लावा की," नोरीन म्हणायची. "निदान मला तेल तरी चोळा, त्या लाकडाला चोळता तसं."

हसायचे सगळे. पण थट्टेत कुणाच्या ध्यानात आलं नाही की इतक्या वर्षांच्या धास्तीने बाईचे कान भलतेच तयार झाले होते. डोळे मिटून ती सांगू शकली असती की आत्ताचा आवाज नेव्हिलच्या रायफलीचा की क्लिफच्या. तिने कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र तिच्या घरात एक निराळीच भीती येऊन राहिली, आणि तिला आवाजच नव्हता.

आधी बारीकसारीक. नेव्हिल किटली रिकामीच तापत ठेवायचा. समोरच्या शीलाला, जिच्याशी रोज बोलायचा, एक दिवस त्याने "त्या बाई" म्हटलं. हिंडल आणि लंगडा टॉमस यांची त्याने अदलाबदल केली, आणि नोरीनने दुरुस्त केलं तेव्हा तिच्याकडे असं पाहिलं की ती जेवायचं थांबली. वय झालं, असं ती स्वतःला सांगत राहिली. वय तिचंही झालं होतं, पण ती किटलीत पाणी घालत होती.

मग रवा.

मार्टिनीच्या काडतुसाचं पितळी नळकांडं बाटलीसारखं मोठ्या पोटाचं असतं. बुडाला ठिणगी पाडणारी छोटी टोपी, आत आधी दारू, दारूवर थोडा रवा, रव्यावर मेणाची चकती आणि वर शिशाची गोळी. रवा कशाला, तर आत पोकळी राहू नये, दारू आणि गोळी एकमेकींना दाबून बसाव्यात. पोकळी राहिली तर रायफलीची नळी फुगते. हा रवा नोरीनच्याच स्वयंपाकघरातला. त्याच डब्यातून रविवारी रात्रीची खीर व्हायची, वर जॅमचा ठिपका. डबा सहसा महिना-दीड महिना पुरायचा. त्या उन्हाळ्यात तो आठवड्यात रिकामा होऊ लागला.

"नेव्हिल, रवा जातो कुठे?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? मुंग्या खात असतील."

"मुंग्यांनी डब्याचं झाकण लावलं परत?"

"नोरीन, डोकं खाऊ नकोस," तो ओरडला आणि मागच्या खोलीचं दार त्याने आपटलं.

तो कधी ओरडत नसे. सपातांच्या कारखान्यात मुकादमाने शिव्या घातल्या तरी हा मान हलवून हसणारा माणूस. नोरीन डबा हातात धरून उभी राहिली. दार आपटल्याने ती दचकली होतीच, पण दचकणं ओसरल्यावरही तिने डबा खाली ठेवला नाही.

डॉक्टरकडे त्याला न्यायला हवं हे तिला कळत होतं. नेलं नाही, आणि का नेलं नाही हेही कळत होतं. रायफलीच्या परवान्यासाठी पोलीस डॉक्टरांना विचारतात. डॉक्टरांनी एक ओळ लिहिली की दुसऱ्या दिवशी दारात पोलिसांची गाडी, आणि रायफलींचं पोलादी कपाट रिकामं. त्या कपाटात नेव्हिलचं सगळं आयुष्य होतं. शीलाचं नाव विसरलेला नेव्हिल अजून तिथे उभा राहिला की ताठ व्हायचा, दस्त्यावरची अक्षरं बोटाने वाचायचा. ते काढून घेतलं तर उरेल काय, याची तिला भीती. नाही काढून घेतलं तर होईल काय, याचीही. दोन्हीकडून भीती, आणि मधे ती रव्याचे पुडे आणत राहिली.

सप्टेंबरातला तो रविवार. वारा पडलेला, धूर जागीच लोंबकळावा असा. नोरीनने पातेलं लावलं. क्लिफ रायफल खांद्याला अडकवून टेबलाशी आला आणि एक सँडविच उचलून म्हणाला, "काय गं, हा नेव्हिल चिकट झालाय की काय?"

"का?"

"ईस्टरला मी त्याला दारूचा डबा आणून दिला. एरवी जूनमध्येच मागे लागतो, क्लिफ, संपली, आण. परवा विचारलं, तर म्हणतो पुष्कळ आहे. उघडून दाखवलाही. काठोकाठ. आणि काडतुसं तर दर रविवारी पेटीभर आणतो. दारू न घालता उडवतो की काय?"

तो हसून गेला. खाली खाणीतल्या मैदानात जाऊन नेव्हिलच्या शेजारच्या चटईवर पालथा झोपला.

नोरीनच्या हातात चमचा होता. तो तिने पातेल्यात ठेवला की खाली, तिला आठवत नाही. दारू तशीच आहे. रवा संपतोय. ती खीर करणारी बाई, तिला आणखी काय सांगायला हवं होतं? आधी नळकांड्याला टोपी बसवायची, मग दारू, मग रवा. मधेच माणूस विसरला आपण कुठवर आलो, तर तो पुन्हा रवाच घालेल, गळ्यापर्यंत. वरून चकती, वरून गोळी. बाहेरून काडतूस अगदी शेजारच्यासारखं दिसेल. आजवर निभावलं ते आधी भरून ठेवलेल्या पेट्यांवर, आणि त्या आता संपत आल्या असणार.

अशा काडतुसाने काय होतं हेही ती जाणून होती. चहा देता देता इतकी वर्षं ऐकलं होतं तिने. टोपी नुसती फुसकन पेटते, गोळीला नळीत थोडी ढकलते, आणि गोळी तिथेच अडकून बसते. त्याने काही होत नाही. होतं ते पुढच्या चांगल्या काडतुसाने. मागून दारू पेटते, पुढे वाट बंद, आणि मग ते दीडशे वर्षांचं लोखंड माणसाच्या तोंडाशी फुटतं.

मैदानाची व्यवस्था बेरिल ट्रिकेटकडे होती, जन्मभर बस चालवलेली, आडदांड, कडक बाई. तिने हाळी दिली, "भरा." खाली रायफलींचे दांडे उघडल्याचा आवाज आला.

ओरडावं. पण ओरडून काय सांगणार? रवा संपतो म्हणून? सगळ्यांसमोर? कदाचित फक्त काही काडतुसंच तशी असतील, कदाचित एकही नसेल, कदाचित क्लिफ चुकत असेल, आणि तिने आपल्या तोंडाने नवऱ्याला वेडा ठरवलेलं असेल. तिचे पाय लाल झेंड्यापाशी येऊन थांबले. देवा, एवढा रविवार जाऊ दे, उद्या मी स्वतः त्याला डॉक्टरकडे नेते.

धप्प. ती दचकली. नेव्हिलची. डोक्यावरची टोपी हलली, धूर आला.

धप्प. क्लिफची. धप्प, नेव्हिलची. टोपी हलली. तिने श्वास सोडला आणि पुन्हा घेतला.

मग क्लिफची धप्प, आणि क्लिफचा धूर दोघांच्या चटयांवर पसरला. त्या धुरात नेव्हिलने चाप ओढला. नोरीनने त्याचं बोट पाहिलं, कारण ती दुसरं काहीच बघत नव्हती. बोट मागे गेलं. आणि ती दचकली नाही.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं अंग जागचं हललं नाही, कारण छातीत काही बसलंच नाही. क्लिफच्या आवाजात बाकी कुणाला कळलं नाही. बेरिल दुसऱ्या टोकाला बघत होती. नेव्हिलने शांतपणे दांडा खाली ओढला. नळकांडं उडून मागे पडलं. त्याने पेटीतून दुसरं काडतूस उचललं, आत सारलं आणि दांडा वर घेतला.

"थांबा!"

आवाज कुणाचा ते तिला स्वतःलाही क्षणभर कळलं नाही. मैदानाचा नियम असा, की थांबा म्हणायचा अधिकार तिथल्या प्रत्येक माणसाला आहे, आणि तो शब्द ऐकला की राजा असला तरी बोट बाजूला. बेरिल दरवर्षी हे सगळ्यांना बजावायची. चहावालीलाही तो लागू आहे, हे नोरीनच्या मनात कधी आलं नव्हतं.

"थांबा, थांबा, थांबा. नेव्हिल, हात काढ."

सगळे थांबले. नेव्हिलने हात काढला. जन्माची सवय, ती अजून शाबूत होती. नोरीन झेंडा ओलांडून चिखलातून धावत गेली. एकदा ती गुडघ्यावर पडली, उठली.

"काय झालं?" बेरिल आली.

"त्याच्यातून आवाज आला नाही."

"मी तर ऐकला," क्लिफ म्हणाला.

"तो तुझा. ह्याचा आला नाही. नळी बघ, बेरिल. तुझ्या पाया पडते, नळी बघ."

बेरिलने आधी ते काडतूस काढायला लावलं. मग रायफल उभी धरून लाकडी गज तोंडातून आत सोडला. गज सरसर खाली गेला आणि अडला. गजाचा अर्धा भाग बाहेरच राहिला. क्लिफचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो हातभर अंतरावर झोपला होता.

चटईमागे उडालेलं नळकांडं पडलं होतं. बेरिलने ते उचलून तळहातावर उपडं केलं. आतून रवा पडला, पडतच राहिला, वर थोडा करपलेला आणि बाकी पांढराशुभ्र.

"हे कुणी भरलं?" तिने विचारलं.

नेव्हिल चटईवर उठून बसला होता. त्याने रव्याकडे पाहिलं, मग पेटीतल्या काडतुसांकडे, मग स्वतःच्या हातांकडे. ओठ हलले. नोरीनने त्याच्या डोळ्यांत जे पाहिलं ते तिने रायफलीमागे झोपलेल्या कुठल्याच माणसात कधी पाहिलं नव्हतं. तो घाबरला होता.

"मी," नोरीन म्हणाली.

"तू?"

"तो फोन घ्यायला उठला होता. म्हटलं, तेवढीच मदत. रवा दिसला, भरला. मला काय कळतंय त्यातलं."

"तुला कळत नाही तर हात कशाला लावलास?" क्लिफ ओरडला. भेदरलेला माणूस ओरडतो तसाच. "माझी खोपडी गेली असती. त्याची गेली असती. तुला बंदुकीजवळ यायची भीती वाटते ना, मग?"

"चुकलं माझं."

नेव्हिल तिच्याकडे बघत होता. एक क्षण तिला वाटलं, हा आता म्हणणार, नाही, ही माझ्या खोलीत पाऊलही टाकत नाही. खरं बोलणारा माणूस.

"कितीदा सांगितलंय हिला," शेवटी तो हळू म्हणाला, "माझ्या डब्यांना हात लावू नकोस म्हणून."

चारदोन लोक हसले, सुटल्यासारखे. कुणीतरी म्हणालं, दचकी नोरीनने आज सगळ्यांना दचकवलं. त्या दिवशीची नेमबाजी तिथेच बंद झाली.

नोरीन पातेलं धूत होती तेव्हा बेरिल येऊन शेजारी उभी राहिली. तिने एक फडकं घेतलं आणि कप पुसायला लागली.

"शनिवारच्या आत त्याच्या रायफली क्लिफच्या कपाटात गेल्या पाहिजेत," ती कपाकडे बघत म्हणाली. "रीतसर, कागद करून. म्हणजे मला आणखी काही विचारायची वेळ येणार नाही."

"हो."

"आणि नोरीन, त्याला डॉक्टरकडे ने गं."

म्हणजे हिला कळलं. नोरीनने मान हलवली. हे त्याला सांगायचं कसं, याचीच ती रस्ताभर जुळवाजुळव करत होती. घरापाशी गाडी थांबली तरी दोघं आतच बसून राहिली. मग नेव्हिलने कोटाच्या आतल्या खिशातून एक किल्ली काढली. कपाटाची. परवान्याचा नियम असा की ती कुठे असते हे बायकोलाही ठाऊक असता कामा नये, आणि नेव्हिलने तो इतकी वर्षं पाळला होता. किल्ली त्याने तिच्या मांडीवर ठेवली.

"क्लिफला आजच बोलाव," तो म्हणाला. "सगळ्या घेऊन जा म्हणावं. हिंडलची पण."

"काय सांगू त्याला?"

"सांग, बायको घाबरते."

"बरं."

"मला आठवत नाही गं, पोरी," तो म्हणाला. सत्तरी ओलांडली तरी तो तिला पोरीच म्हणायचा. "खुर्चीवर बसतो, डबे समोर असतात, आणि मग पेटी भरलेली असते. मधलं काही नसतं. किती महिने झाले. मी तुला सांगणार होतो. भीती वाटली."

नोरीनला रडू आलं आणि ती रडली. किल्ली मुठीत घट्ट धरून.

क्लिफ संध्याकाळी आला आणि रायफली घेऊन गेला. नोरीनच्या भित्रेपणामुळे बिचाऱ्या नेव्हिलला छंद सोडावा लागला, ही गोष्ट आठवड्याभरात खोऱ्यात सगळ्यांना कळली. दुकानात एकदोघं तिच्याशी तुटक वागले. कारखान्यातली एक जुनी मैत्रीण तोंडावर म्हणाली, तुझ्या धास्तीपायी माणसाचं आयुष्य काढून घेतलंस की गं. नोरीन म्हणाली, हो, काय करणार, माझा स्वभावच तसा.

रविवारी ती दोघं अजूनही खाणीत जातात. तो कधीकधी सकाळीच कोट घालून दारात उभा असतो, "चल, उशीर होतोय," म्हणतो, आणि रायफल शोधतो. ती म्हणते, क्लिफ आणणार आहे. मग दोघं बसने जातात. ती चहा देते, तो तिच्या शेजारी स्टुलावर बसतो. खाली धप्प झालं की तोच दचकतो आणि तिची बाही धरतो.

"कुणाची गं ही?"

"हिंडलची. क्लिफ उडवतोय."

"हिंडल कोण?"

"आपल्या वॉटरफुटचा पोरगा," ती सांगते, आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायला लागते.

परवा क्लिफने तिच्या कपाकडे बघून म्हटलं, "काय नोरीन, हल्ली चहा सांडत नाही तुझा. भीती गेली वाटतं?"

"गेली," नोरीन म्हणाली, आणि नेव्हिलच्या कोटाची चुकीची लावलेली बटणं काढून पुन्हा नीट लावायला लागली.